कुंडीतली भुईआवळी नेमकी कोणती? एका मूठभर तणाचे प्रकरण

जुलैचा शेवटचा आठवडा होता. पुण्यात पंधरा दिवस पावसाने पाठ सोडली नव्हती आणि त्या सकाळी नुकती उघडीप मिळाली होती. आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत जुन्या कुंड्यांची रांग आहे. तळमजल्यावरच्या काकू तिथून मूठभर रोपे मुळांसकट उपटून माझ्या दारात आल्या.

"अगं, तू रानातल्या झाडांचे फोटो काढतेस ना? मग बघ बरं, ही भुईआवळीच ना?"

काकूंच्या भाच्याला कावीळ झाली होती. त्यांचे माहेर राजापूरकडचे. तिकडे काविळीला भुईआवळी वाटून ताकातून देतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. मी एक रोप हातात घेतले, फांदी उलटी केली, खाली ओळीने टांगलेली मोहरीएवढी हिरवी फळे दिसली आणि मी सांगून टाकले, "हो काकू, भुईआवळीच."

हे उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. ते किती अपुरे होते हे कळायला मला पुढचे पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांची ही नोंद आहे. हौशी माणसाला रानफुलांचे फोटो काढताना आणि नावे लावताना जे जे अडते, ते जवळजवळ सगळे या एका क्षुल्लक तणाने माझ्यासमोर आणून ठेवले. कासच्या पठारावर जाऊन सोनकी, तेरडा, कवला टिपणे मला प्रिय आहेच. पण माझ्या हातून शिस्तीने झालेली पहिली ओळख या कुंडीतल्या रोपाची आहे.

पहिली नोंद आणि पहिला प्रश्न

काकू गेल्यावर मी खाली जाऊन फोनवर अकरा फोटो काढले. पाऊस पडून गेल्यावरचा मऊ उजेड होता, पानांवर थेंब होते, फोटो देखणे आले. ओळख सुचवणाऱ्या एका ॲपमध्ये ते टाकले. पहिली सूचना आली 'फायलँथस निरुरी'. खाली आणखी चारपाच नावे होती. मी पहिले नाव स्वीकारले आणि नोंद जतन केली.

दोन दिवसांनी एका अनुभवी निरीक्षकाचा निरोप आला. त्यात दोनच प्रश्न होते. पानांच्या खालच्या बाजूचा फोटो आहे का? आणि फुलाला पाकळ्या किती?

मी अकराही फोटो पुन्हा पाहिले. सगळे वरून काढलेले होते. एकातही फूल नव्हते. काकूंसमोर मी फांदी उलटी करून पाहिली होती, पण फोटो काढताना मात्र झाड जसे उभे होते तसे, जिकडून सुंदर दिसते तिकडून टिपले होते. फायलँथससारख्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ओळखीची बहुतेक सगळी खूण फांदीच्या पोटाशी असते. म्हणजे माझ्याकडे एका रोपाची अकरा छायाचित्रे होती आणि त्या रोपाबद्दलचा पुरावा जवळजवळ शून्य होता.

निरुरी हे नाव कुठून आले

त्या निरोपात पुढे एक वाक्य होते: निरुरी आपल्याकडे नाही. मला ते पटेना. घरातल्या जुन्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत, चूर्णाच्या डब्यांवर, सगळीकडे भुईआवळी म्हणजे फायलँथस निरुरी असेच छापलेले होते. म्हणून आधी या नावाचा इतिहास शोधला.

'फायलँथस निरुरी' हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिले. ती वनस्पती अमेरिका खंडातली. पुढे आपल्याकडच्या वनस्पतींची वर्णने लिहिणाऱ्यांनी इथल्या बारीक भुईआवळ्यांनाही तेच नाव लावले आणि दीडदोनशे वर्षे ते चालत राहिले. १९५५ साली ग्रेडी वेब्स्टर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने या गटाची फेरतपासणी करताना निरुरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका जातीला 'फायलँथस फ्रॅटर्नस' असे वेगळे नाव दिले. नंतर १९८५ च्या सुमारास मित्रा आणि जैन या भारतीय अभ्यासकांनी दाखवून दिले की भारतातल्या ग्रंथांत निरुरी या एका नावाखाली खरे तर तीन जाती एकत्र आल्या आहेत: अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस. त्यातला अमारस १८२७ सालीच पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून वर्णिला गेला होता.

याहून जुना एक धागा मला फार मोलाचा वाटतो. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तिघे कोकणी वैद्यही होते. त्यांनी दिलेले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेले आहे. याच ग्रंथात 'कीर्गानेली' या नावाने भुईआवळी येते. मल्याळमध्ये आजही तिला कीळार्नेल्ली म्हणतात. नेल्ली म्हणजे आवळा आणि कीळ म्हणजे खाली. संस्कृतात भूम्यामलकी, मराठीत भुईआवळी. तिन्ही भाषांत लोकांनी एकच गोष्ट पाहिली: ज्याची फळे खाली टांगलेली आहेत असा जमिनीलगतचा आवळा. लोकांची नजर अचूक होती. त्यांना तीन जाती वेगळ्या करायच्या नव्हत्या, एवढेच. मला मात्र आता करायच्या होत्या.

पान नव्हे, फांदी

नाव लावण्याआधी झाडाची बांधणी समजून घ्यावी लागली. भुईआवळी पाहणाऱ्याला वाटते की तिला चिंचेसारखी किंवा लाजाळूसारखी संयुक्त पाने आहेत: मधे एक शीर, दोन्ही बाजूंना बारीक पर्णिका. प्रत्यक्षात ती 'शीर' म्हणजे आखूड फांदी आहे आणि प्रत्येक 'पर्णिका' हे स्वतंत्र पान आहे. ओळखायची सोपी खूण अशी की पर्णिकेच्या बुडाशी कधी फूल येत नाही. फूल येते ते पानाच्या बेचक्यात. इथे प्रत्येक चिमुकल्या पानाच्या बेचक्यात फूल किंवा फळ असते, म्हणजे ते पान आहे. फायलँथस या ग्रीक नावाचा अर्थही 'पान-फूल' असाच आहे.

आपला मोठा आवळा याच प्रजातीतला, फायलँथस एम्ब्लिका. कार्तिकात आवळीभोजनाला झाडाखाली बसल्यावर अंगावर पडणारी ती पिसासारखी 'पाने' म्हणजेही आखूड फांद्याच, ज्या झाड काही काळाने गाळून टाकते. वीस वर्षे मी त्या झाडाखाली जेवत आले आणि हे मला कुंडीतल्या तणाने शिकवले.

इथे दोन सोप्या तपासण्या उपयोगी पडतात. एक, देठ मोडून पाहायचा. नायटीच्या जातीही जमिनीलगत वाढतात आणि समोरासमोर बारीक पाने असल्याने लांबून फसवतात, पण त्यांना पांढरा चीक येतो. भुईआवळीला येत नाही. दोन, मुख्य खोडाकडे पाहायचे. आपल्या या गटात मुख्य खोडावर साधी पाने नसतात, फक्त बारीक खवल्यांसारखी पाने असतात, आणि हिरवी पाने आखूड फांद्यांवरच येतात. टेकडीवर उन्हात सापडणारी फायलँथस मदरासपटेन्सिस तशी नाही. तिची पाने थेट साध्या फांद्यांवर असतात आणि टोकाकडे रुंद होत जातात. या एका खुणेवर ती बाजूला काढता येते.

दोन मिलिमीटरचे फूल

आता मूळ प्रश्न: पाकळ्या किती? शास्त्राच्या भाषेत त्यांना परिदले म्हणायचे, कारण इथे पाकळी आणि निदल असा भेद नसतो. मी इथे पाकळ्याच म्हणते. पूर्ण उमललेले फूल दोन मिलिमीटरच्या आसपास, पांढरट हिरवे, खाली तोंड करून टांगलेले. माझ्या फोनला ते धूसर ठिपक्यासारखे दिसत होते.

पहिला प्रयत्न मी संध्याकाळी साडेपाचला केला आणि तो पूर्ण वाया गेला. भुईआवळीची पाने दिवस कलताच मिटायला लागतात. सगळे बेचके झाकले गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेले तर पाने उघडी, फुलेही उमललेली, पण वारा होता. हवेची एवढीशी झुळूक लागली तरी फूल चौकटीच्या बाहेर जात होते. तिसऱ्या दिवशी तयारीने गेले.

तयारी साधी होती. फोनच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स. दहापट मोठे दाखवणारे भिंग. काळा कार्डपेपर. मिलिमीटरच्या आलेखकागदाची एक पट्टी, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून पाण्यापासून वाचवलेली. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. आणि एक पांढरा बटर पेपर, उजेड पसरवायला.

मी एकच आखूड फांदी खोडापासून मोडून घेतली. कुंडीतले तण होते म्हणून मोडली. राखीव क्षेत्रात, पठारावर, किंवा एखाददुसरेच रोप असेल तिथे मी कधी काही तोडत नाही. तिथे आडवे झोपून खालून फोटो काढायचा आणि जमले नाही तर नाव अपुरे ठेवायचे. मोडलेली फांदी काळ्या कागदावर पोट वर करून ठेवली, दोन्ही टोकांना चिमटे, शेजारी मिलिमीटरची पट्टी. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरट फुले फार उजळ येतात आणि पाकळ्यांच्या कडा जळून जातात, म्हणून फोनवर उजेडाची पातळी एक पायरी खाली आणली. इतक्या जवळून फोकसची खोली मिलिमीटरच्या काही अंशाएवढीच उरते. त्यामुळे एका जागी थांबून फोकस शोधण्यापेक्षा फोन सावकाश पुढे-मागे नेत सलग फोटो घ्यायचे आणि नंतर त्यातला एक निवडायचा, ही रीत जमली. चाळीस फोटोंत तीन कामाचे निघाले. हे सगळे चारपाच मिनिटांत उरकावे लागते, कारण मोडलेल्या फांदीची पाने तेवढ्यातच मिटायला लागतात.

घरी येऊन फोटो मोठा केला. मधोमध हिरवा पट्टा असलेल्या पांढऱ्या पाकळ्या. एक, दोन, तीन, चार, पाच. दुसऱ्या फुलावरही पाच. सहा फुले मोजली, सगळ्यांना पाचच.

आणखी एक गोष्ट दिसली जी मी शोधायला गेलेच नव्हते. फांदीच्या बुडाकडचे पहिले दोन बेचके सोडले तर पुढच्या प्रत्येक बेचक्यात दोन फुले होती: एक लहान, मधे पुंकेसर असलेले नरफूल आणि त्याच्या शेजारी जरा मोठे मादीफूल. नरफुलात तीन पुंकेसर. नर आणि मादी एकाच बेचक्यात जोडीने. पाच पाकळ्या आणि ही जोडी, दोन्ही मिळून उत्तर एकच येते: फायलँथस अमारस.

फ्रॅटर्नस असते तर पाकळ्या सहा हव्या होत्या, आणि बुडाकडच्या दोनतीन बेचक्यांत फक्त नरफुले, पुढे टोकापर्यंत एकेकटी मादीफुले अशी वाटणी दिसली असती. डेबिलिसलाही पाकळ्या सहाच. म्हणजे बाकीच्या दोघी इथेच बाद झाल्या.

मी नोंद दुरुस्त केली, नवे फोटो जोडले आणि काकूंना सांगायला खाली गेले.

मुठीतली बाकीची रोपे

काकूंनी ती मूठ अजून टाकली नव्हती. धुऊन, जुन्या पेपरवर पसरून, गॅलरीत सावलीत वाळत ठेवली होती. मी सहज म्हणून भिंग घेऊन सगळी पाहू लागले. चौथ्या रोपाशी हात थांबला.

त्याचे खोड तांबूस होते. वाळताना तसे झाले असेल असे आधी वाटले. पण फळे वेगळी होती. कुंडीतल्या अमारसची फळे गुळगुळीत होती आणि बारीक देठावर टांगलेली होती. ही फळे फांदीला जवळजवळ चिकटून बसलेली, आणि भिंगाखाली त्यांच्या पृष्ठभागावर पुळ्यांसारखे उंचवटे. पानाच्या कडेला अगदी बारीक, राठ केस. फळे सगळी फांदीच्या बुडाकडे आणि टोकाकडे सुकलेल्या नरफुलांचे अवशेष. अमारसपेक्षा आणि फ्रॅटर्नसपेक्षाही हा क्रम उलटा आहे: मादी बुडाशी, नर टोकाला.

ही फायलँथस युरिनेरिया होती. पेपरवर एकूण चौदा रोपे होती. मी ती दोन ढिगांत वेगळी केली: नऊ अमारस, पाच युरिनेरिया. काकूंनी सगळी कुंड्यांजवळून उपटली होती, पण नीट आठवून त्यांनी सांगितले की काही भिंतीच्या फटीतून काढली होती, जिथे गच्चीचे पाणी पडते. आम्ही दोघी इमारतीमागे गेलो. खरोखर, भिंतीलगत ओल्या फटीत तांबूस खोडाची रोपे होती आणि तीन फुटांवरच्या कुंड्यांत हिरव्या खोडाची. वरून पाहिले तर एकसारखीच. मी त्या जागेवरून गेली चार वर्षे रोज गाडी काढते.

मग बियांनीही तपासून घेतले. भुईआवळीचे फळ तीन कप्प्यांचे, प्रत्येक कप्प्यात दोन बिया. पिकलेले फळ फट्दिशी फुटते आणि बिया उडतात, म्हणून फांद्या कागदी पाकिटात घालून दोन दिवस ठेवल्या. पाकिटातून बारीक टकटक ऐकू येत होती. बिया मिलिमीटरभराच्या, संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या. अमारसच्या बीच्या पाठीवर लांबीच्या दिशेने पाचसहा बारीक कंगोरे असतात, युरिनेरियाच्या बीवर आडव्या रेषा असतात. फोनच्या मॅक्रो लेन्ससमोर आणखी भिंग धरून हे फोटो घेतले. कडा धूसर आल्या, पण रेषा उभ्या की आडव्या एवढे स्पष्ट दिसते. तेवढेच हवे होते.

काकूंच्या भाच्याचे काय

हा भाग मला टाळायचा नाही, कारण सगळे प्रकरण तिथूनच सुरू झाले.

कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे विषाणू असेल, पित्ताशयातला खडा असेल, औषधाचा परिणाम असेल, आणखी काही असेल. काकूंचा भाचा डॉक्टरांकडे गेलेला होता, रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, उपचार चालू होते. भुईआवळी ही काकूंची जोडीची धडपड होती आणि तिच्यामागे माया होती. मी त्यांना एवढेच म्हणाले, "काकू, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका, आणि ही मूठ तर नकोच, यात दोन वेगळ्या वनस्पती आहेत."

त्यांचा प्रश्न रास्त होता. "आमच्याकडे देतात ती मग कोणती?"

इथे नावाचा घोळ पुस्तकापुरता राहत नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात तामलकी (भुईआवळीचेच संस्कृत नाव) म्हणून फायलँथस फ्रॅटर्नसचे नाव आहे. कुंड्यांत, बागांत, रस्त्याकडेला सहज सापडते ती बहुतेकदा अमारस. बाजारात वाळवून विकल्या जाणाऱ्या भुईआवळीत अनेक जाती मिसळलेल्या असतात, कारण वाळल्यावर पाने गळून काड्याच उरतात आणि वेगळे करणारी खूणच जाते. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी विषाणू अंगात असलेल्या लोकांना अमारसचे चूर्ण देऊन केलेला अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्याची जगभर चर्चा झाली. पुढे इतर ठिकाणी तसे निकाल मिळाले नाहीत. दोन्ही ठिकाणी वापरलेली वनस्पती खरोखर सारखीच होती का, हा मुद्दाही त्या चर्चेत आला. म्हणजे काकूंच्या गॅलरीतल्या पेपरवर जो प्रश्न पडला होता, तोच मोठ्या प्रयोगशाळांनाही पडला होता.

काकूंनी मूठ बांधली आणि परत कुंडीच्या मातीत पुरून टाकली. भाचा दीड महिन्यात बरा झाला. त्याने भुईआवळी घेतली नाही.

माझ्या जुन्या नोंदी

यानंतरचे काम कंटाळवाणे होते, पण मला ते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. गेल्या सहा वर्षांत मी भुईआवळीच्या तेवीस नोंदी केल्या होत्या. सगळ्या निरुरी म्हणून. पुणे, मुळशी, देवरुख, सावंतवाडी, एक गोव्यातली. सगळ्या उघडून पाहिल्या.

चार नोंदींत योगायोगाने फांदीचा खालचा भाग आला होता. त्यातल्या तीन अमारस ठरल्या. देवरुखची एक युरिनेरिया निघाली. तिच्या फोटोत चिकटून बसलेली खडबडीत फळे इतकी स्पष्ट आहेत की मी तेव्हा ती कशी पाहिली नाहीत याचे वाईट वाटले. उरलेल्या एकोणीस नोंदींत ओळखीची एकही खूण नव्हती. त्या सगळ्या मी 'फायलँथस' एवढ्यावर, म्हणजे प्रजातीच्या पातळीवर मागे नेल्या. त्यात सावंतवाडीचा एक फोटो आहे, धुक्यात, जांभ्या दगडाच्या भिंतीवर, पानापानावर थेंब असलेला. मी काढलेल्या चांगल्या फोटोंपैकी तो एक आहे. त्यालाही नाव नाही.

अनेक हौशी मित्रमैत्रिणींना नोंद मागे नेणे कमीपणाचे वाटते. मला ते तसे वाटत नाही. चुकीच्या नावाची नोंद पुढच्या माणसाला चुकीच्या जागी पाठवते. शिवाय ओळख सुचवणारी यंत्रणाही आपल्याच फोटोंवरून शिकते. आपण सगळे वरून काढलेले फोटो एका नावाखाली घालत राहिलो, तर तिलाही वरूनच आणि चुकीचेच शिकवत राहू. अपुरी पण खरी नोंद कुणीतरी पुढे पूर्ण करू शकते.

आता मी कुठल्याही रोपाचे फोटो ठरलेल्या क्रमाने काढते. आधी पूर्ण रोप आणि ते उभे आहे ती जागा. मग खोड आणि फांदी जिथे जुळतात तो सांधा. पान वरून, पान खालून. फूल समोरून, बाजूने आणि मागून. मागची बाजू बहुतेकांकडून राहते आणि सोनकीच्या कुळात तर तीच लागते. फळ असेल तर फळ. प्रत्येक ठिकाणी एका फोटोत तरी मिलिमीटरची पट्टी. चीक, वास, पानाचा स्पर्श या गोष्टी फोटोत येत नाहीत, म्हणून त्या तिथल्या तिथे फोनमध्ये बोलून ठेवते. आणि हे सगळे झाल्यावर, शेवटी, हवा तेवढा वेळ घेऊन सुंदर फोटो. तो आनंद मी सोडलेला नाही.

तिसरे रोप

ऑगस्टच्या अखेरीस वेताळ टेकडीवर, पायवाटेच्या कडेला मुरमाड जागेत एक खुरटी भुईआवळी दिसली. वीतभरही उंच नव्हती. पाने अरुंद, रंगाने फिकी. चिमटे आणि पट्टी सोबत होतीच. फांदी न मोडता खालून फोटो घेतला. मादीफूल एकेकटे, पाकळ्या सहा, प्रत्येक पाकळीला रुंद पांढरी किनार.

सहा पाकळ्या म्हटल्यावर अमारस नाही. पांढरी किनार फ्रॅटर्नसकडे बोट दाखवते. पण बुडाकडच्या बेचक्यांतली नरफुले तोवर गळून गेली होती, आणि त्या वाटेवर तसे एकच रोप होते. नोंद मी प्रजातीवरच थांबवली.

सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा गेले तेव्हा रोप पिवळे पडायला लागले होते. खालची पानगळ झालेल्या दोन फांद्यांवर चार पिकली फळे होती. तेवढी पाकिटात घेतली, बाकीची झाडावर ठेवली. घरी बिया मोजल्या: एकवीस. तीन उडून गेल्या असाव्यात.

काकूंनी त्यांची एक कुंडी मला देऊ केली आहे. पण त्यांच्या कुंड्यांच्या मातीत अमारसच्या बिया ठासून भरलेल्या आहेत. उगवलेले रोप टेकडीवरचे की कुंडीतले हे सांगता येणार नाही. म्हणून मे महिन्यात माती चाळून, लोखंडी घमेल्यात चुलीवर चांगली तापवून घ्यायचे ठरले आहे. कुंडी तिसऱ्या मजल्यावर माझ्या खिडकीत राहील, भिंतीपासून आणि बाकीच्या कुंड्यांपासून लांब. शेजारी तीच तापवलेली माती घातलेली एक रिकामी कुंडी असेल, काहीही न पेरता. त्या दुसऱ्या कुंडीत काही उगवले, तर पहिलीवर विश्वास ठेवायचा नाही. पाकिटावर तारीख, जागा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून ते देवघराच्या खणात ठेवले आहे. जूनच्या पहिल्या पावसानंतर पेरायचे.

काकूंनी स्वतःसाठी भिंग मागवले आहे.